भिंतीवरचा झेंडा आणि अण्णांचा शिक्का

शाळेच्या आवारातल्या लांब भिंतीवर अकरा वर्षांपूर्वी मी एक चित्र काढलं. १९४२ चा, सातारा जिल्ह्यातल्या वडूजचा मोर्चा. धोतर-टोपीतली माणसं, नऊवारीतल्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढे झेंडा धरलेला एक तरुण. झेंड्यातल्या चक्रासाठी मी कोनमापक घेऊन भिंतीशी तासभर उभी होते. चोवीस आरे म्हणजे प्रत्येकी पंधरा अंश, एकही आरा तिरका जाऊ नये म्हणून. आरे अगदी बरोबर आले. चूक झाली ती चक्रातच. अशोकचक्र झेंड्यावर आलं २२ जुलै १९४७ ला, संविधान सभेच्या ठरावाने. १९४२ मध्ये जो झेंडा हातात घेऊन लोक गोळ्यांपुढे गेले, त्यावर चरखा होता.

हे मला कळलं गेल्या वर्षी. तोवर त्या भिंतीसमोर किती मुलं उभी राहून गेली असतील! तेव्हापासून ती भिंत मला टोचते आहे. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, जूनच्या आत भिंत नव्याने रंगवायची ठरली, आणि मी म्हटलं की या वेळी आधी तो मुलूख पायाखाली घालायचा, मग ब्रश हातात धरायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लगेच तयार झाले. महसूल खात्यात त्यांची अख्खी नोकरी गेली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि सातारा जिल्हा त्यांना सातबाऱ्यासारखा पाठ. तिसरा भिडू माझा भाचा. नववीत गेलाय. सुट्टीत त्याला ‘आपल्या राज्याची चिन्हे’ यावर वही करायची होती. गाडीत बसता बसता त्याने विचारलं, “मावशी, महाराष्ट्राचा झेंडा कोणता गं?”

मी भगवा म्हणणार होते. अण्णांनी पुढच्या सीटवरून मान वळवली. “महाराष्ट्राला झेंडा नाही बाळा. मुद्रा आहे.”

पहिला दिवस, २९ एप्रिल : पसरणीचा घाट

पुण्याहून निघून वाईत नाश्ता केला आणि पसरणीला थांबलो. पसरणी घाटाच्या पायथ्याचं गाव. शाहीर साबळे इथले. १९२३ साली इथे जन्मले. त्यांच्या आवाजातलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत झालं. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं. राज्यगीत म्हणून मूळ गीतातली दोन कडवी घेतली आहेत. त्याआधी कित्येक वर्षं हे गाणं दर १ मेला वाजतच होतं. सरकारने ठराव करण्याच्या फार आधी लोकांनी तो करून टाकला होता. भाच्याने गावाच्या पाटीचा फोटो काढला आणि वहीत ‘राज्यगीत’ असं लिहून खाली रेघ मारली.

महाबळेश्वरला गर्दी होती. आम्ही बाजारात न शिरता जंगलाच्या कडेने चाललो. पाऊण तास काही नाही. मग वरच्या फांदीवरून पानं हलली आणि शेकरू दिसलं. चित्रात असतं त्याहून कितीतरी मोठं. पाठ विटकरी-तांबूस, पोट सायीच्या रंगाचं, शेपूट अंगाएवढी लांब. फांदीला मागच्या पायांनी लटकून पुढच्या दोन पायांत फळ धरून कुरतडत होतं. भाचा तोंड उघडं ठेवून बघत राहिला. शेकरू हा आपला राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, आंबा राज्यवृक्ष, तामण राज्यफूल. २०१५ मध्ये नीलवंत हे राज्यफुलपाखरू झालं. राज्याचं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. भाच्याने हे सगळं एका दमात म्हणून दाखवलं. पाठ करून आला होता. पण शेकरू त्याने पहिल्यांदाच पाहिलं, आणि ‘राज्यप्राणी’ हा शब्द त्याच्या तोंडी त्यानंतर वेगळा येऊ लागला, जरा जपून.

केळघर घाटाने मेढ्याला उतरलो. साताऱ्यात शिरताना एका कुंपणाशी तामण फुललेलं होतं. जांभळी फुलं, पाकळ्या चुरगळलेल्या तलम कापडासारख्या. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. खाली पडलेलं एक फूल उचलून भाच्याच्या वहीत ठेवलं आणि वही आपल्या मांडीवर दाबून धरली, मुक्कामाला पोचेपर्यंत.

दुसरा दिवस, ३० एप्रिल : सातारा

सकाळी चहाच्या टेबलावरच आमचा वर्ग भरला. मी येताना शिवाजी महाराजांच्या मुद्रेचा मोठा छाप काढून आणला होता. अष्टकोनी चौकट आणि आत दाटीने बसवलेली अक्षरं. भाचा एकेक अक्षर लावत होता:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, साऱ्या विश्वाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते आहे. शहाजीराजांच्या आणि जिजाबाईंच्या मुद्रा फारसीत होत्या. त्या काळच्या कारभाराची रीतच ती. त्यात पोरसवदा राजाने संस्कृत श्लोक कोरून घेतला, आणि त्या श्लोकात ‘मी जिंकीन’ असं कुठेच नाही. आहे ते ‘भद्राय’. रांझ्याच्या पाटलाने एका बाईशी बदअंमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली, त्या १६४६ च्या पत्रावर हीच मुद्रा आहे. महाराजांना तेव्हा सोळावं वर्ष चालू होतं. ‘भद्राय’ म्हणजे काय, हे मला श्लोकाच्या अर्थापेक्षा त्या पत्रातून जास्त कळतं.

“आणि शेवटी?” अण्णांनी विचारलं. “पत्राच्या शेवटी काय असतं?”

शेवटी लहान मुद्रा असते, ‘मर्यादेयं विराजते’. मर्यादा इथे संपली. त्याच्या खाली कुणी एक ओळ जरी वाढवली तरी ती राजाची नाही. वर मुद्रा, खाली मर्यादा, मधे जे लिहिलं तेवढीच राजाची जबाबदारी.

अण्णा इथे खुलले. पुढचा अर्धा तास त्यांचाच. उपकोषागाराच्या दाराला कुलूप लावल्यावर कडीवरून दोरी घ्यायची, दोरीच्या गाठीवर लाख तापवून ओतायची, आणि लाख मऊ आहे तोवर पितळी शिक्का दाबायचा. फार लवकर दाबला तर लाख शिक्क्याला चिकटून येते, उशीर झाला तर अक्षरं उठत नाहीत. सकाळी दार उघडण्याआधी दोघांनी मिळून लाख पाहायची, तडा नाही ना. मग गोल शिक्का. तो साहेबांच्या टेबलाच्या खणात, किल्ली अण्णांकडे. उताऱ्यावर सही झाली तरी गोल शिक्का पडल्याशिवाय कागद खिडकीबाहेर जायचा नाही.

“एकदा एक म्हातारी आली होती,” अण्णा म्हणाले. “वारसाचा कागद. चार महिने फिरत होती. सगळं झालेलं, नुसता शिक्का राहिलेला, आणि ज्याच्याकडे होता तो रजेवर. मी नवीन होतो. म्हटलं, उद्या या आजी. तिनं कागद माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, बाबा, तुझा तो शिक्का उद्यापण गोलच असणार ना? मग आज का नाही?”

“मग तुम्ही काय केलंत?” भाच्याने विचारलं.

“सायकल काढली, त्याच्या घरी गेलो, किल्ली आणली.”

ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. अण्णांनी निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना यादीत पहिली वस्तू शिक्का लिहिली होती, हे मात्र आईकडून कधीतरी ऐकलेलं.

महाराष्ट्र शासनाची आजची मुद्रा भाच्याने मोबाइलवर शोधली. मधे समई, भोवती कमळाच्या पाकळ्या, आणि कडेने श्लोक तोच, फक्त नाव बदललेलं: ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते’. एका माणसाचं नाव काढून तिथे साऱ्या राज्याचं नाव बसवलं, वृत्त मोडलं नाही, आणि ‘भद्राय’ जिथल्या तिथे राहिलं. हा बदल मला फार मोठा वाटतो. राजा गेला, पण राजाने दिलेला शब्द आपल्यावर आला.

दुपारी उन्हं जरा कलल्यावर अजिंक्यताऱ्यावर गेलो. गाडी दरवाजाजवळपर्यंत जाते. वरून सातारा शहर तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं, समोर यवतेश्वरचं पठार. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि मराठ्यांची गादी इथे आली. पुढे सत्ता पुण्याला गेली असं आपण सहज म्हणून जातो. पण पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची, आणि पेशव्याच्या शिक्क्यात आधी शाहू राजाचं नाव, मग ‘मुख्य प्रधान’ म्हणून पेशव्याचं. बाजीरावाच्या फौजा नर्मदेपलीकडे गेल्या तरी शिक्क्यातला हा क्रम बदलला नाही.

तटावर भगवं निशाण होतं. वाऱ्याने त्याचं टोक सारखं फडफडत होतं, जवळ उभं राहिलं की बोलणं ऐकू येऊ नये इतकं. दोन टोकांचं, शेपटासारखं कापलेलं. चौकोनी झेंड्यासारखं ते पसरत नाही, ओढ घेतं. जरीपटका वेगळा, तो जरीच्या कापडाचा, छत्रपतींनी मान म्हणून द्यायचा. भगव्याला मात्र जरीची गरज नव्हती. संन्याशाच्या छाटीचा, वारकऱ्यांच्या पताकेचा रंग तो. घरोघरी आधीच होता. किल्ला घेतला असं सांगायला आपल्याकडे ‘निशाण चढवलं’ म्हणतात, एवढ्या दोन शब्दांत सगळी लढाई येते.

आज हे निशाण कुठल्या कायद्याने राज्याचं नाही. अण्णांचं म्हणणं खरं. कर्नाटकने २०१८ मध्ये पिवळा-पांढरा-लाल असा राज्यध्वज जाहीर करायचा प्रयत्न केला, तोही अधिकृत झालेला नाही. जम्मू-काश्मीरला स्वतःचा झेंडा होता, तो २०१९ पर्यंतच. म्हणजे आज एकाही राज्याला आपला असा अधिकृत झेंडा नाही. भाच्याला याचं वाईट वाटलं. मला नाही वाटलं, पण त्याची समजूत काढायला मी त्याला नौदलाचा ध्वज दाखवला. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत ही विमानवाहू नौका दाखल झाली, त्या दिवशी नौदलाच्या ध्वजावरचा इंग्रजांच्या वेळचा लाल क्रूस गेला. एका कोपऱ्यात तिरंगा राहिला आणि शेजारी निळा अष्टकोन आला. तो अष्टकोन महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला. आत नांगर, अशोकस्तंभाचे सिंह, आणि खाली ‘शं नो वरुणः’.

“म्हणजे मुद्रा झेंड्यावर गेली,” भाचा म्हणाला.

उतरताना अण्णा एकदम रंगो बापूजींबद्दल बोलायला लागले. १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे दारं ठोठावत राहिले. ते तिथे असतानाच १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केलं. साताऱ्याची मुद्रा तिथे थांबली.

“लाख फोडली,” अण्णा म्हणाले, आणि पायथा येईपर्यंत बोलले नाहीत.

तिसरा दिवस, १ मे : वडूज

पहाटे पाचला निघालो. कोरेगाव, पुसेगाव करत वडूजला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि तहसील कचेरीत ध्वजारोहणाची तयारी चालली होती. आम्ही बाहेरच्या लोकांत उभे राहिलो. दोरी ओढली, गाठ सुटली, गुलाबाच्या पाकळ्या खाली आल्या. राष्ट्रगीत झालं, मग राज्यगीत. पसरणीची पाटी आठवून भाच्याने माझ्याकडे बघितलं. अण्णांचे हात शिवणीला चिकटलेले, पाय जुळलेले, वय सत्याहत्तर.

खटाव तालुक्यातली माणसं ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला आली होती ती कचेरीवर तिरंगा लावायला. तेवढंच मागणं. त्या दोन आठवड्यांत जिल्ह्यात असे मोर्चे एकामागून एक निघत होते. २४ ऑगस्टला कराडला, ३ सप्टेंबरला तासगावला. तासगावात कचेरीवर झेंडा चढला आणि मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपीही आली. रक्त सांडलं नाही. वडूजला मात्र गोळ्या सुटल्या. पुढे झेंडा घेऊन वडगावचे परशुराम घार्गे होते, ते पडले. वडूजच्या मोर्च्याचे नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्च्यावर तेच झालं.

माझ्या भिंतीवर ज्याच्या हातात झेंडा आहे तो चेहरा मी मनाने काढला होता. पण जागा ही. हुतात्मा स्मारकापुढे मी बराच वेळ उभी राहिले. एक गोष्ट मी चित्रात साफ चुकीची दाखवली होती, आणि ती चक्राहून मोठी आहे. मी झेंडा उंच, सरळ, पूर्ण फडकता काढला होता. मोर्च्यात झेंडा तसा राहत नाही. काठी खांद्यावर येते, गर्दीत कापड कुणाच्या डोक्याला लागतं, वारा नसेल तर ते काठीला गुंडाळून बसतं आणि मग कुणीतरी हाताने टोक धरून ताणतं, दिसावं म्हणून. आता काढीन तेव्हा ते टोक धरणारा हातही काढीन.

अण्णा स्मारकाच्या पायरीवर बसले होते. मी जवळ गेले.

“मी आतल्या बाजूला होतो गं,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं कचेरीच्या आत. बाहेर आलेल्या माणसाला काय दिसत असेल, त्याचा विचार किती दिवस केला?”

“त्या आजींसाठी सायकल काढलीत की.”

“एक दिवस,” ते म्हणाले.

मी त्यावर काही बोलले नाही. भाचा पाण्याची बाटली घेऊन आला, तिघांनी पाणी प्यायलो.

इथे एक सांगायला हवं. चरख्याच्या जागी चक्र आलं तेव्हा रंग तेच राहिले, प्रमाण तेच तीनास दोन. बदललं ते मधलं चिन्ह, आणि तेही फार विचाराने. चरखा एका बाजूने वेगळा आणि दुसऱ्या बाजूने वेगळा दिसतो. चक्र दोन्हीकडून सारखं. शिवाय ते सारनाथच्या अशोकस्तंभावरचं. त्याच स्तंभशीर्षाचे सिंह २६ जानेवारी १९५० ला राजचिन्ह झाले, खाली मुंडकोपनिषदातलं ‘सत्यमेव जयते’. सम्राटाचा स्तंभ होता, पण त्याच्यावरून आपण तलवार उचलली नाही, चाक उचललं. कलाशिक्षिका म्हणून मला चक्र अतिशय आवडतं. पण १९४२ च्या माणसाच्या हातात त्याचाच झेंडा हवा.

औंधला थोडाच वेळ थांबलो. यमाईचं दर्शन घेतलं, डोंगरावरच्या संग्रहालयासाठी वेगळा दिवस काढायला हवा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपल्या संस्थानात प्रजेच्या हाती कारभार दिला, तेही इंग्रजी अमल असताना, हे भाच्याला सांगितलं. विटा, तासगाव करत रात्री सांगलीत. भडंग आणि थंड ताक, बाकी कुणाला भूक नव्हती.

चौथा दिवस, २ मे : सांगली, बिळाशी

सकाळी कृष्णेकाठी गणपतीला गेलो. पटवर्धनांचं हे दैवत आणि संस्थानचंही. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून वेगळे निघाले आणि सांगली उभी राहिली. या भागात किती संस्थानं होती! सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, जत, तिकडे औंध, फलटण. प्रत्येकाचा शिक्का निराळा. ८ मार्च १९४८ ला ही दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. जिल्हा झाला तो १९४९ मध्ये, ‘दक्षिण सातारा’ या नावाने. सांगली हे नाव १९६० चं. म्हणून १९४२ च्या गोष्टी सांगताना ‘सातारा जिल्हा’ म्हटलं की त्यात तासगाव, इस्लामपूर, शिराळा सगळं येतं. प्रतिसरकार, म्हणजे तेव्हा लोकांनी चालवलेलं समांतर सरकार, साताऱ्याचं म्हणतात ते यामुळे. अण्णांनी हे भाच्याला बजावून सांगितलं, परीक्षेत घोळ होतो म्हणून.

गावात खादीच्या दुकानात गेलो. भाच्याला झेंडा हवा होता. दुकानातल्या काकांनी विचारलं, “टेबलावरचा की मोठा?” आणि कपाटातून एकेक काढून काउंटरवर मांडायला लागले. तिरंग्याची नऊ मापं ठरलेली आहेत. सर्वांत मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००, टेबलावरचं. गाडीवरचा २२५ बाय १५०. भारतीय मानक संस्थेची झेंड्यासाठी वेगळी संहिता आहे आणि तिचा क्रमांकच ‘आयएस १’. देशाने ज्या ज्या वस्तूंची मानकं ठरवली त्यात क्रमांक एक झेंड्याचा. काकांकडचा माल हुबळीजवळच्या बेंगेरीचा. सांगलीहून ते गाव फार लांब नाही.

मी कापड हातात घेतलं. जाडसर, हाताला किंचित खरखरीत, आणि खादीला असतो तसा वास. शिवण दुहेरी. डावीकडच्या पांढऱ्या पट्टीत दोरी घातलेली, वर लाकडी खुंटी, खाली फास. चक्र दोन्ही बाजूंनी एकावर एक छापलेलं. उजेडासमोर धरून मी पाहिलं, आरा आऱ्यावर बसलेला होता. ज्याने तो बसवला त्याच्या हाताला माझा नमस्कार. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचा, यंत्रावर केलेला झेंडाही नियमात बसतो आणि तो स्वस्त पडतो. ज्यांच्या घरावर त्यामुळे पहिल्यांदा झेंडा लागला त्यांचा आनंद मला कळतो. पण पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी गटाराशी पडलेले चकचकीत झेंडे मी दर वर्षी मुलांना घेऊन उचलते, आणि त्यात खादीचा एकही सापडलेला नाही.

काकांनी झेंडा घडी करून दिला तो पाहण्यासारखा. आडवा धरला, केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्याच्या मागे दुमडली, मग दोन्ही बाजू आत घेतल्या. वर फक्त चक्र आणि कडेला केशरी-हिरव्याची जराशी कड. दोन्ही तळव्यांवर ठेवून त्यांनी तो भाच्यापुढे केला. त्यानेही दोन्ही तळवे पुढे केले. कुणी सांगितलं नव्हतं.

ज्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदार तटावरून उडी मारून गेले, तो बाहेरून पाहिला आणि इस्लामपूरच्या रस्त्याला लागलो. शिराळ्यावरून बिळाशीला पोचायला साडेचार वाजले. डोंगर जवळ आलेले, वारणेचं खोरं खाली, आंब्याच्या झाडांखाली गुरं बसलेली.

बिळाशीसाठीच तर मी निघाले होते. १९३० मध्ये या गावाने जंगलचा कायदा मोडला. सरकारी जंगलातला साग तोडून गावात आणला, देवळापुढे रोवला आणि त्यावर झेंडा चढवला. एका सागाच्या सोटात दोन्ही गोष्टी झाल्या, कायदेभंगही आणि ध्वजस्तंभही. सरकारला तो झेंडा सहन होणं शक्य नव्हतं. पोलीस आले. आणि झेंड्याभोवती गावातल्या बायका उभ्या राहिल्या.

पारावर दोन म्हातारे आणि एक आजी बसल्या होत्या. अण्णांनी राम राम केला, कुठले कोण ते झालं, सोयरीकही निघाली. मग मी विचारलं.

“व्हय, हितंच,” आजी म्हणाल्या. “माझी सासू सांगायची. आमी काय तवा न्हवतो. पर ती सांगायची, पोरगी कडंवर हुती म्हणं आन् तशीच उभी ऱ्हायली.”

“झेंडा कसा होता, सांगायच्या का?” मला तेच हवं होतं.

आजींनी माझ्याकडे बघितलं, आजचा झेंडा मला ठाऊक नाही की काय अशा नजरेने. “झेंडा म्हंजी झेंडा. गांधीबाबाचा.”

गांधीबाबाचा. १९३० मध्ये देशभर फिरत होता तो झेंडा आजच्या तिरंग्यासारखा नव्हता. १९२१ पासूनचा तो: सर्वांत वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. केशरी रंग वर आला १९३१ मध्ये, काँग्रेसने झेंडा नव्याने ठरवला तेव्हा. रंगांवरून धर्माधर्मांत वाटणी व्हायला लागली होती, म्हणून त्या वेळी रंगांना धर्म न जोडता गुण जोडले: धैर्य, शांती, श्रद्धा. म्हणजे बिळाशीच्या बायका ज्याच्याभोवती उभ्या राहिल्या, वडूजला ज्याच्यासाठी माणसं पडली आणि आज काकांनी ज्याची घडी करून दिली, ते तीन वेगळे झेंडे. त्या बायकांनी मात्र पट्ट्यांचा क्रम पाहून हात धरले नव्हते.

माझी भिंत चांगली लांब आहे. मी तिथेच, पारावर बसून ठरवलं. एक झेंडा दुरुस्त करून भागणार नाही. डावीकडे बिळाशी, मधे वडूज, उजवीकडे आजचा. तिन्ही मापात, आपापल्या रंगांत.

अण्णा म्हाताऱ्यांशी जमिनीच्या कुठल्याशा फेरफाराबद्दल बोलत होते. त्यातल्या एकाचा कागद कुठेतरी अडला होता. अण्णांनी खिशातून पेन काढून त्याला अर्जाचा मसुदा लिहून द्यायला सुरुवात केली होती. अक्षर अजूनही ठळक, ओळी सरळ. खाली त्यांनी सहीची जागा सोडली, आणि त्या जागेच्या खाली एक आडवी रेघ ओढली.

भाचा माझ्या शेजारी वही उघडून बसला. तामणाचं फूल वाळून पातळ झालं होतं, ते त्याने अलगद पुढच्या पानावर सरकवलं. पट्टीने चौकट आखली, आडव्या दोन रेघा मारल्या, पेन्सिलीने चरखा काढला. हिरवा रंग भरला, लाल भरला. मग पांढऱ्या पट्टीशी येऊन थांबला.

“मावशी, वरची?”

“ती तशीच ठेव,” मी म्हटलं.

आजी पुढे वाकल्या आणि त्यांनी वही दोन्ही हातांनी स्वतःकडे फिरवून घेतली.